लेझर कोणाला करू नये : मुधोळ आणि हैदराबादच्या नेत्रसंस्थेची हकिकत

मुधोळ आज तेलंगणाच्या निर्मल जिल्ह्यात आहे. १९५६पर्यंत ते नांदेड जिल्ह्यातले तालुक्याचे गाव होते. राज्यपुनर्रचनेत किनवट आदिलाबादकडून इकडे आले आणि मुधोळ-भैंसा तिकडे गेले. सरहद्द सरकली, सोयरिकी मात्र जागच्या जागी राहिल्या. आपल्या हिंगोलीकडच्या हट्ट्याच्या माणसाला मुधोळ तसे लांबच. पण पूर्णा जंक्शनवरून गाडी धरून मुदखेड, धर्माबाद करत बासरला जाणारी वाट आपल्याकडच्या घराघराला माहीत आहे, कारण लेकराच्या हातात पहिली पाटी द्यायला सरस्वतीपुढे तिथेच जावे लागते. बासरपासून मुधोळ जवळच.

या मुधोळमध्ये १९९६ साली भोसले गोपाळराव पटेल यांच्या नावाने एक नेत्रकेंद्र सुरू झाले. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेने खेड्यात काढलेले हे पहिले दुय्यम केंद्र. 'हैदराबादला दाखवा' हा सल्ला निजामी अमलापासून मराठवाड्याच्या कानावर आहे. हैदराबादच उठून आपल्या शिवेपर्यंत आले, ही गोष्ट नवी होती.

संस्थेचा इतिहास म्हटला की पायाभरणी, देणगीदार, इमारतीचे मजले आणि उद्घाटनाचे पाहुणे अशी यादी ओघानेच येते. तेवढी आधी उरकतो. डॉ. गुल्लापल्ली नागेश्वर राव हे आंध्रातले डॉक्टर. गुंटूरला वैद्यकीय शिक्षण, दिल्लीच्या एम्समध्ये नेत्रविद्या, मग अमेरिकेत बॉस्टन आणि रॉचेस्टर. तिथली घडी बसलेली नोकरी सोडून १९८०च्या दशकात ते परत आले. संस्थेला जागा आणि पैसा दिला तो चित्रपटनिर्माते एल. व्ही. प्रसाद यांनी : पाच एकर जमीन आणि एक कोटी रुपये. हे प्रसाद म्हणजे १९३१ साली मुंबईत बनलेल्या 'आलम आरा' या पहिल्या हिंदी बोलपटात छोटी भूमिका केलेले गृहस्थ; पहिल्या तमिळ आणि पहिल्या तेलुगू बोलपटांतही ते होते. पडद्यावर आयुष्य काढलेल्या माणसाने डोळ्यांसाठी दान द्यावे, हे शोभण्यासारखे आहे. १९८७ साली बंजारा हिल्सवर संस्था उघडली. दोन वर्षांत नेत्रपेढी आली. जवळपास निम्मे रुग्ण पैसे न घेता पाहायचे, हे धोरण पहिल्यापासूनचे.

यादी संपली. मला या संस्थेविषयी लिहावेसे वाटते ते वेगळ्या कारणाने. उपचार करून घरी पाठवलेल्या माणसाचे पुढे काय झाले, हे विचारायची सवय तिने स्वतःला लावून घेतली. नेत्रशिबिरे आपल्याकडेही भरत आली. मांडव पडतो, शंभर-दोनशे मोतीबिंदू निघतात, फोटो छापून येतो, मांडव उठतो. सहा महिन्यांनी त्यांतल्या कितींना दिसते, याची वही फार थोड्या ठिकाणी असते. लेझरच्या बाबतीत तर ही वही नसली तर सगळेच अडते. का, ते पुढे येईल.

मुधोळचे केंद्र उघडले त्याच वर्षी, १९९६ मध्ये, संस्थेने आंध्र प्रदेश नेत्रविकार पाहणी हाती घेतली. डॉ. ललित दंडोना आणि राखी दंडोना हे तिचे सूत्रधार. हैदराबाद शहर, पश्चिम गोदावरी, महबूबनगर आणि आदिलाबाद अशा चार भागांतून घरे निवडली आणि २००० सालापर्यंत १०,२९३ माणसांचे डोळे बारकाईने तपासले. दवाखान्यात आलेली माणसे मोजायची नाहीत, घरात बसलेली मोजायची, हा त्यातला कळीचा मुद्दा. ज्याला दिसत नाही पण जो कधीच कुठे गेला नाही, तो सापडतो तो असाच.

निष्कर्ष सरकारी समजुतीला धक्का देणारे होते. अंधत्वाचे प्रमाण १.८४ टक्के निघाले. त्यात मोतीबिंदूचा वाटा ४४ टक्के होता, म्हणजे मोठा, पण या आंधळ्यांतले १६.३ टक्के लोक केवळ चष्मा नसल्यामुळे त्यांत जमा होते. शस्त्रक्रिया नको, लेझर नको, औषधही नको. नंबराचा चष्मा लावला की दिसू लागणार. तोवर देशाचा सगळा जोर मोतीबिंदूच्या आकड्यावर होता आणि जिल्ह्याचे यश 'किती मोतीबिंदू काढले' यावर ठरत असे.

या आकड्यांनी संस्थेचे स्वतःचे रूप बदलले. खेड्यात नुसते शस्त्रक्रियागृह काढून भागणार नाही, चष्म्याचा नंबर काढणारा माणूस चालत जाण्याच्या अंतरावर हवा, हे दिसले. त्यातून दृष्टिकेंद्रांची कल्पना आली : साधारण ५० हजार वस्तीमागे एक केंद्र आणि तिथे त्याच भागातला, बारावी झालेला, वर्षभर शिकवून तयार केलेला तंत्रज्ञ. पाच लाखांमागे मुधोळसारखे दुय्यम केंद्र, त्याच्या वर शहरातले मोठे रुग्णालय आणि सगळ्यांच्या माथ्यावर हैदराबाद. तळाशी गावोगाव फिरणारे कार्यकर्ते. डोळ्यांच्या जगात याला पिरॅमिड म्हणतात. आदिलाबादच्या शिवारात घरोघरी जाऊन केलेली मोजदाद नसती तर हा पिरॅमिड उलटाच उभा राहिला असता.

आता लेझरकडे वळतो. आपल्याकडचे पोरगे 'लेझर मारून नंबर काढायचा' म्हणते तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे यंत्र असते. या यंत्राचा उगमही एका भारतीयापाशी जातो. चेन्नईत जन्मलेले रंगस्वामी श्रीनिवासन न्यूयॉर्कजवळच्या आयबीएमच्या प्रयोगशाळेत काम करत होते. एक्सायमर लेझरच्या १९३ नॅनोमीटर तरंगलांबीच्या किरणांनी प्लॅस्टिकवर कोरीव काम करता येते, हे ते आणि त्यांचे सहकारी पाहत होते. २७ नोव्हेंबर १९८१ला, अमेरिकेतल्या मोठ्या सणाच्या दुसऱ्या दिवशी, त्यांनी उरलेल्या टर्कीच्या मांसावर तोच किरण सोडला. काप स्वच्छ पडला, शेजारचे मांस करपले नाही. १९८३ मध्ये न्यूयॉर्कचे नेत्रतज्ज्ञ स्टीफन ट्रोकेल त्यांच्याबरोबर आले आणि कॉर्नियावर, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यावर, हा किरण कसा चालतो ते त्यांनी प्रसिद्ध केले. एका झटक्याला मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाचा, जेमतेम पाव भाग उडतो. हाताने धरलेल्या कोणत्याही पात्याला हे जमणारे नव्हते.

त्याआधी पातेच होते. १९८०च्या दशकात जगभर, आपल्याकडेही, हिऱ्याच्या सुरीने कॉर्नियावर किरणांसारख्या चिरा पाडून मायनस नंबर कमी करत. चष्मा लगेच उतरायचा, पेशंट खूश, डॉक्टर खूश. अमेरिकेत मात्र काही केंद्रांनी मिळून या रुग्णांना दहा वर्षे सोडले नाही. १९९४च्या अहवालात दिसले की ४३ टक्के डोळे एक डायॉप्टर, म्हणजे एक नंबर, किंवा त्याहून जास्त प्लसकडे सरकले होते. मायनस काढायला गेलेल्या माणसाच्या चाळिशीत उलटाच नंबर वाढून बसला. पहिल्या महिन्यात कोणालाही न दिसणारी गोष्ट दहाव्या वर्षी दिसली. चिरांची पद्धत मागे पडली त्यात नव्या यंत्राचा हात होताच, पण या दहा वर्षांच्या चिकाटीचाही होता. यंत्राच्या जाहिरातीत तिचे नाव येत नाही.

लेझरने नंबर जातो म्हणजे काय, तर कॉर्निया मधोमध पातळ होतो. किती पातळ, याचे गणित १९८८ साली चार्ल्स मनर्लिन यांनी सोपे करून दिले : जेवढ्या वर्तुळावर लेझर चालवायचा त्याच्या मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग करा, त्याला नंबराने गुणा, तीनने भागा, उत्तर मायक्रॉनमध्ये. सहा मिलिमीटरचे वर्तुळ आणि मायनस तीन नंबर असेल तर ३६ मायक्रॉन जातील. मायनस आठ असेल तर ९६. हे गणित आठवीच्या पोराला जमेल आणि जमावे असे मला वाटते, कारण बाकी सगळी गोष्ट या वजाबाकीवर उभी आहे.

नंबर काढण्याच्या लॅसिक या पद्धतीत लेझर चालवण्याआधी कॉर्नियाची वरची पापुद्र्यासारखी चकती उचलतात. तिला डॉक्टर फ्लॅप म्हणतात. ती काढायला सुरुवातीला मायक्रोकेरॅटोम नावाचे, सुताराच्या रंध्यासारखे चालणारे पाते होते. फ्लॅप परत बसवला तरी तो पुन्हा भार उचलत नाही. म्हणजे भार उचलायला शिल्लक राहतो तो खालचा थर. तो २५० मायक्रॉनपेक्षा कमी होऊ देऊ नये, असा संकेत पडला. आता ५०० मायक्रॉन जाडीचा कॉर्निया घ्या आणि मायनस आठ नंबर घ्या. फ्लॅप १२० मायक्रॉनचा निघाला तर ५०० वजा १२० वजा ९६, खाली राहिले २८४. चालेल. पण रंध्याचे पाते जरा खोल गेले, फ्लॅप १६०चा झाला, तर उरले २४४. डोळा तोच, डॉक्टर तोच, लेझर तोच. एकदा शस्त्रक्रिया बसते, एकदा बसत नाही. जुन्या मायक्रोकेरॅटोमचा फ्लॅप दर वेळी सांगितल्याइतकाच निघेल याची खात्री नसायची. पुढे अतिलघुस्पंदाच्या फेम्टोसेकंद लेझरने फ्लॅप कापणे सुरू झाले तेव्हा ही अनिश्चितता बरीच कमी झाली. त्यामागच्या लेझरतंत्राला २०१८चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले.

वजाबाकी चुकली तर काय होते, ते १९९८ साली जर्मनीच्या थिओ सायलर यांनी दाखवले. लॅसिकनंतर काही महिन्यांनी, कधी वर्षांनी, कॉर्निया पुढे फुगत जातो आणि शंकूसारखा होतो. चष्म्यानेही मग नीट दिसत नाही. हेच सायलर माणसाच्या डोळ्यावर एक्सायमर लेझर चालवणाऱ्या पहिल्या काही लोकांतले. आपल्याच पद्धतीतला धोका छापून सांगायला जरा वेगळी छाती लागते. आणि पुढे ड्रेस्डेनमध्ये रायबोफ्लेविन म्हणजे ब जीवनसत्त्वाचा एक प्रकार आणि अतिनील किरण वापरून असा ढिला पडलेला कॉर्निया घट्ट करण्याची पद्धत निघाली, २००३ साली तिचे निकाल आले, त्यातही सायलर होते.

मग शोध सुरू झाला तो 'कोणाला होते' याचा. अटलांटाच्या ब्रॅडली रँडलमन यांनी २००८ मध्ये कॉर्निया फुगलेल्या रुग्णांची तुलना ठणठणीत राहिलेल्यांशी करून पाच गोष्टी मांडल्या : शस्त्रक्रियेआधीचा कॉर्नियाचा नकाशा, खाली उरलेला थर, वय, मुळची जाडी आणि नंबर. नकाशाची गोष्ट सगळ्यांत वजनदार निघाली. कॉर्निया आधीपासूनच गुपचूप शंकू होण्याच्या वाटेवर असेल, ज्याला केरॅटोकोनस म्हणतात, तर लेझर म्हणजे आगीत तेल. २०१४ मध्ये ब्राझीलच्या मार्कोनी सांतियागो यांनी आणखी एक हिशेब पुढे आणला : फ्लॅप आणि लेझरने काढलेला भाग मिळून कॉर्नियाच्या ४० टक्क्यांवर जाऊ नये. आपल्या मघाच्या उदाहरणात १२० आणि ९६ मिळून २१६, म्हणजे ५००च्या ४३ टक्के. २८४ मायक्रॉन उरत होते म्हणून जो डोळा आपण चालेल म्हटला, तो या चाळणीत अडकला.

इथे आपल्या मातीचा प्रश्न येतो. वरचे आकडे अमेरिकेचे, जर्मनीचे, ब्राझीलचे. आपला कॉर्निया केवढा? याचे महाराष्ट्रातले उत्तर नागपूरच्या सूरज आय इन्स्टिट्यूटने दिले. डॉ. विनय नांगिया आणि जर्मनीतल्या मानहाइमचे प्राध्यापक योस्ट योनास यांनी २००६ ते २००८ या काळात नागपूरपासून सुमारे ४० किलोमीटरवरच्या आठ खेड्यांत तीस वर्षांवरच्या सगळ्यांना बोलावले. ५,८८५ जण पात्र होते, ४,७११ आले. खेड्यातल्या शेतकरी-मजुरांतले दर पाचांतले चार जण तपासणीला येणे, हे ज्याने कधी ग्रामसभा भरवली आहे त्यालाच कळेल. कॉर्नियाची सरासरी जाडी निघाली ५१४ मायक्रॉन. पाश्चात्त्य पुस्तकांत ती ५४०च्या आसपास असते. पंचवीस मायक्रॉन म्हणजे काही नाही असे वाटेल, पण वरच्या वजाबाकीत फ्लॅपच्या खोलीतला चाळीस मायक्रॉनचा फरकच निकाल फिरवतो, हे आपण पाहिले.

त्याच पाहणीत केरॅटोकोनसचे प्रमाण २.३ टक्के आले. अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या जुन्या, १९८६च्या नोंदीत ते लाखात ५४ होते. ही तुलना जशीच्या तशी घेऊ नये : नागपूरच्या पाहणीने कॉर्नियाच्या वक्रतेचा एक ठरावीक आकडा ओलांडणाऱ्याला केरॅटोकोनस धरले, नकाशा काढून प्रत्येकाची खात्री केली नाही, उलट मिनेसोटात दवाखान्यात पोचलेलेच मोजले गेले. पण निष्कर्ष अर्धाही खरा धरला तरी तो सांगतो की आपल्या भागातल्या पोराच्या डोळ्याचा नकाशा न काढता लेझर करणे म्हणजे जुगार. नागपूरच्या खेड्यांतल्या त्या पाहणीचा हेतू लॅसिक नव्हताच. तरी विदर्भ-मराठवाड्यातल्या लॅसिकसाठी इतकी कामाची माहिती दुसऱ्या कुठल्या यंत्राने दिली नाही.

हैदराबादच्या संस्थेचे लॅसिकमधले योगदान वेगळ्या बाजूने आले. चष्मा उतरवणे हा तिच्या कामाचा गाभा नाही. गाभा आहे कॉर्नियाची दुखणी, रोपण आणि संसर्ग. शेतात डोळ्याला धसकट लागून बुरशीची जखम झालेले रुग्ण तिथे रोज येतात. त्यामुळे डॉ. सावित्री शर्मा यांची सूक्ष्मजीवशास्त्राची प्रयोगशाळा मजबूत. २००१ मध्ये डॉ. प्रशांत गर्ग आणि सहकाऱ्यांनी लॅसिकनंतर दोन्ही डोळ्यांना संसर्ग झालेल्या एका रुग्णाची हकिकत आणि तोवर जगभर छापलेल्या अशा प्रकरणांचा आढावा प्रसिद्ध केला. लॅसिकनंतरचा संसर्ग विरळा, पण फ्लॅपच्या खाली असल्याने औषध पोचत नाही. त्यातले क्षयरोगाच्या जंतूचे भाऊबंद तर आठवड्यांनी उगवतात, साध्या तपासणीत दुसऱ्याच जंतूसारखे दिसतात आणि नेहमीच्या थेंबांना दाद देत नाहीत. फ्लॅप उचलून नमुना घ्या, प्रयोगशाळेला विशेष रंगद्रव्याने तपासायला सांगा, असे जे आज कोणताही जाणता डॉक्टर करतो, ते अशाच एकेक हकिकती जोडून ठरले. एका बैठकीत दोन्ही डोळे करावेत का, हत्यारे दोन डोळ्यांच्या मध्ये बदलावीत का, पाणी कसले वापरावे, हे वादही तिथूनच पुढे गेले. एकट्या रुग्णाचा कागद म्हणून संशोधनात त्याला खालच्या पायरीवर बसवतात. मला ते फारसे पटत नाही. बिघडलेली केस लपवायची नाही, छापायची, ही पायरी खालची नव्हे.

लेझर म्हणजे फक्त चष्मा नव्हे. काचबिंदूचा एक प्रकार असा की डोळ्यातले पाणी बाहेर जायचा कोपरा अरुंद असतो. असा कोपरा दिसला की बुबुळाला लेझरने बारीक छिद्र पाडून वाट मोकळी करायची, ही पद्धत दशकानुदशके चालत आली. पुढे काही काळ एल. व्ही. प्रसादचे संचालक राहिलेले डॉ. रवी थॉमस यांनी वेल्लोरला असताना अरुंद कोपऱ्याच्या ५० जणांना पाच वर्षांनी परत बोलावले. ११ जणांची स्थिती पुढे सरकली होती. म्हणजे ३९ जणांची नव्हती. मग छिद्र कोणाला पाडायचे? याचे मोठे उत्तर चीनच्या ग्वांगझूमधून २०१९ साली आले. ८८९ माणसांच्या एकाच डोळ्याला लेझर केला, दुसरा तसाच ठेवला आणि सहा वर्षे पाहिले. लेझर केलेल्यांतले १९ डोळे बिघडले, न केलेल्यांतले ३६. लेझरचा उपयोग आहे, हे खरे. पण लेझर न केलेल्या ८८९ डोळ्यांपैकी बिघडलेले दिसले ते ३६च, हेही तितकेच खरे. सरसकट सगळ्यांना छिद्र पाडू नका, असे त्या संशोधकांनीच लिहिले. स्वतःच्या हातातले यंत्र कमी वापरा असे सांगणारे संशोधन वर्तमानपत्रात मोठ्या अक्षरांत येत नाही.

इथवर वाचून कोणी म्हणेल की संशोधन म्हणजे लेझरला नकार. एक ठिकाण असे आहे की तिथे ते नेमके उलटे बोलते. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाच्या डोळ्याच्या मागच्या पडद्यावर रक्तवाहिन्या वाकड्या वाढतात आणि पडदा ओढून काढतात. वेळेत लेझर केला तर डोळा वाचतो, आठवडा चुकला तर जन्माचे अंधत्व. २००३ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत लेझर नेहमीपेक्षा लवकर केला तेव्हा पडद्याची वाईट अवस्था होण्याचे प्रमाण १५.६ टक्क्यांवरून ९.१ टक्क्यांवर आले. पण कोणती बाळे तपासायची? अमेरिकेत दीड किलोपर्यंतची. हैदराबादमध्ये १९९०च्या दशकाच्या अखेरीपासून डॉ. सुभद्रा जलाली हैदराबाद-सिकंदराबादच्या नवजात कक्षांत फिरून बाळांचे डोळे तपासत होत्या. त्यांच्या आणि देशातल्या इतरांच्या नोंदींत दिसत गेले की आपल्याकडे त्याहून भरलेल्या बाळांनाही हा आजार होतो; प्राणवायू किती आणि कसा दिला जातो, याच्याशी त्याचा संबंध आहे. अमेरिकन वजनमर्यादा इथे लावली असती तर कितीतरी बाळे चाळणीतून निसटली असती. आज आपल्या राष्ट्रीय सूचनांत ३४ आठवड्यांआधी जन्मलेले किंवा दोन किलोच्या आतले बाळ जन्मल्यापासून तीस दिवसांत तपासावे, अगदी इवल्या बाळांना दोन-तीन आठवड्यांतच पाहावे, असे आहे. 'तिसावा दिवस' ही खूण जलाली यांनी लावून धरली, कारण आईला आठवडे मोजता येत नाहीत असे नाही, पण महिन्याचे बाळंतपण प्रत्येक घराला कळते. परभणी, हिंगोली, नांदेडच्या नवजात कक्षांतून वजन कमी असलेली बाळे आता वाचतात. त्यांच्या सुटीच्या कागदावर डोळ्यांच्या तपासणीची तारीख लिहिली आहे का, एवढे आजोबांनी पाहिले तरी पुष्कळ.

आणखी दोन पाहण्या सांगितल्याशिवाय लॅसिकची बाजू पुरी होत नाही. अमेरिकेच्या औषध नियामकांनी करवून घेतलेल्या या पाहण्यांचे निकाल २०१७ साली आले. लॅसिक केलेल्यांत समाधानी लोक ९५ टक्क्यांहून जास्त. पण आधी काहीच त्रास नसलेल्यांपैकी एका पाहणीत ४३ आणि दुसरीत ४६ टक्के लोकांना तीन महिन्यांनी दिव्याभोवती वलय, चकाकी, दुहेरी प्रतिमा असे काही ना काही नवीन दिसत होते. बहुतेकांना ते जाचत नव्हते. मला यातली जास्त मोलाची वाटते ती एक बारीक नोंद : हीच तक्रार लोक संगणकावरच्या प्रश्नावलीत जितकी लिहीत, तितकी डॉक्टरसमोर बोलत नसत, फरक दुपटीपासून चौपटीपर्यंत. हट्ट्याच्या माणसाला हे नवे नाही. 'कसं काय, दिसतं का?' म्हटल्यावर 'हाव साहेब, बरंय' हेच उत्तर येते, मग रात्री मोटारसायकलवर समोरचा दिवा फुटल्यासारखा दिसत असला तरी. वही ठेवणाऱ्या संस्थेने ती कशी भरून घ्यायची, हाही संशोधनाचा भाग आहे.

वडोदऱ्याच्या डॉ. रूपल शाह यांनी फ्लॅपच नको अशा नव्या पद्धतीचे, स्माइलचे, सुरुवातीचे निकाल २०११ मध्ये दिले : ४१ जणांचे ५१ डोळे. आज ती पद्धत जगभर आहे. त्या पहिल्या ५१ डोळ्यांच्या मालकांनी फॉलोअपला यायचे टाळले असते तर ती तशीच पुढे गेली नसती.

आपल्याकडे लेझरची चौकशी करणारा बहुधा भरतीचा उमेदवार असतो. हिंगोलीला राज्य राखीव पोलीस दलाचा गट आहे, पहाटे रस्त्याने धावणारी पोरे प्रत्येक गावात आहेत, आणि वैद्यकीय तपासणीत डोळ्यांवर अडकण्याची भीती सगळ्यांना. हवाई दलाच्या निकषांत लॅसिक चालते, पण अटींसह. शाखेप्रमाणे फरक असतो, म्हणून जाहिरात नीट वाचावी. शस्त्रक्रिया विसाव्या वर्षाआधी झालेली नको. झाल्याला निदान बारा महिने उलटलेले हवेत. कॉर्निया ४५० मायक्रॉनपेक्षा पातळ नको. उरलेला नंबर एकच्या आत हवा. डोळ्याची लांबी ठरावीक मर्यादेत हवी. वरवर हे सरकारी कागदावरचे अडथळे वाटतात, पण त्यांच्यामागे कारणे उभी आहेत. वीस वर्षे, कारण तोवर नंबर सरकत असतो. बारा महिने, कारण पहिल्या महिन्याचे दिसणे खरे नसते. ४५० मायक्रॉन, कारण पातळ कॉर्निया फुगण्याचा धोका सायलर आणि रँडलमन यांच्या कामात दिसला. आणि डोळ्याची लांबी अशासाठी की लेझरने चष्मा उतरतो, लांब डोळा आखूड होत नाही. मोठ्या मायनस नंबराच्या डोळ्याचा मागचा पडदा ताणलेलाच राहतो आणि तो पुढेही तपासत राहावा लागतो.

म्हणून अठराव्या वर्षी विचारायला येणाऱ्याला मुधोळला, नांदेडला किंवा हैदराबादला उत्तर एकच मिळायला हवे : दोन वर्षे थांब, दर सहा महिन्यांनी नंबर तपासून घे, कॉर्नियाचा नकाशा काढल्याशिवाय तारीख घेऊ नको, आणि मागच्या तपासणीच्या चिठ्ठ्या फेकू नको.